सात नावं

कळलं तर नोकरीच जायची, म्हणून फ्रेंच कंपनीच्या पुण्यातल्या कारखान्यात युनियन काढायला नागोरावांसह सात कामगारांनी गुपचूप सह्या केल्या. नागोरावांनी ती नावं फक्त कंपनीच्या पॅरिसमधल्या युनियनच्या पुढारी बाईंना कळवली. बाई भली, पण तिच्या भलेपणानेच घात केला. तिकडे प्रतिनिधींची नावं उघड फलकावर लागतात. त्याच रीतीने तिने सातही जणांची नावं घालून अभिनंदनाचा मेल थेट इथल्या साहेबांना पाठवला.

साहेबांनी नागोरावांना केबिनमध्ये बोलावलं.

“बसा, आपण आता पुढारी,” छापलेला मेल पुढे सरकवत साहेब म्हणाले. “बाकीचे सहा जण म्हणतात, आमचा काही संबंध नाही. तुमचा?”

नागोराव बसले नाहीत.

“माझा आहे,” ते म्हणाले, आणि स्वतःचाच आवाज ऐकून आणखी घाबरले.