ढोलीतली चोच

मिस्त्रीचा राग नाकाच्या शेंड्यावर, हे बेटावर लहानथोरांना ठाऊक होतं. धक्क्याला लागून त्याचं होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचं वर्कशॉप आणि मागच्या भिंतीपासून जंगल सुरू. त्या जंगलातून एक धनेश पक्षी रोज यायचा, खिडकीच्या काचेत स्वतःलाच बघायचा आणि दुसरा नर समजून टोचा मारत सुटायचा. पिवळीधमक चोच, तिच्यावर केशरी शिंग, आणि पंख पसरले की अख्खी खिडकी झाकली जायची. काचांना तडे गेले होते.

त्या सकाळी इंजिन उघडं पडलेलं, होडीवाला डोक्यावर बसलेला आणि वर ही ठकठक. मिस्त्री तणतणत बाहेर आला आणि हातातला पाना त्याने भिरकावला. "चल, हो चालता!"

नेम धरलाच नव्हता. धरला असता तर जन्मात लागला नसता.

धनेश धपकन खाली पडला. मिस्त्रीला वाटलं, उठेल. तो उठेना, तेव्हा त्याने जवळ जाऊन त्याला उचललं. मान लोंबकळली आणि चोचीतून पिकलेली उंबरं टपाटपा पडायला लागली. अख्खीच्या अख्खी.

शाळेत शिकवणारी त्याची थोरली बहीण वरच्या घरातून जिना उतरत होती, ती तिथेच थबकली.

"काय केलंस रे हे!"

"आक्का, मुद्दाम नाही गं. फक्त हाकलायचं होतं."

"अरे, ही फळं त्याच्यासाठी नव्हती. घशात साठवून घरी नेत होता तो." तिने खाली पडलेलं एक उंबर उचललं. "मादी झाडाच्या ढोलीत अंडी घालते आणि तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते. चोचीपुरती फट ठेवते. नर आणेल तेवढंच तिच्या पोटात जातं. तिच्या आणि पिल्लाच्याही."

मिस्त्री वर्कशॉपकडे वळला. "मग ती लिंपलेली भिंत फोडू! छिन्नी आहे माझ्याकडे."

"फोडून जाईल कुठे ती? आत पिसं झडतात तिची. उडता येत नाही."

होडीवाल्याला तसाच टाकून दोघं जंगलात शिरली. दुपार कलली तेव्हा एका उंच झाडाच्या बुंध्याशी ढोलीतून खाली टाकलेल्या बियांचा सडा दिसला. मिस्त्री दोर बांधून वर चढला. ढोलीचं तोंड वाळक्या चिखलाने बंद होतं, मधे उभी फट, आणि फटीतून एक डोळा त्याच्याकडे रोखलेला. काठीच्या टोकाला उंबर खोचून त्याने पुढे केलं. डोळा आत गेला. आतून पिल्लाची किरकिर आली आणि मिस्त्रीची काठी कलून फळ खाली पडलं.

त्याने दुसरं खोचलं. "घे गं बाई," तो म्हणाला. गिऱ्हाइकावर खेकसणाऱ्या त्या माणसाचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना.

अंधारून यायला लागलं, तेव्हा कुठे चोच बाहेर आली आणि उंबर ओढून घेतलं.

मग रोजचाच तो रिवाज झाला. पहाटे उंबरं गोळा करायची, चढायचं, भरवायचं. वर्कशॉप उशिरा उघडायला लागलं आणि लोक म्हणायला लागले, मिस्त्री बिघडला.

एका सकाळी आक्काला खाली थांबवून तो वर पोचला तर भिंत फुटलेली. नव्या पिसांची मादी वरच्या फांदीवर बसलेली आणि आत अर्धवट पिसांचं, निळसर कातडीचं पिल्लू उघड्यावर पडलेलं. एवढं करून शेवटी याला साप नाहीतर घोरपड नेणार! तो सरसरत उतरला, ओढ्याकाठचा चिखल पिशवीत भरून धापा टाकत पुन्हा चढला, आणि वरच थिजला.

पिल्लू स्वतःच भिंत घालत होतं. तळातली ओली घाण चोचीत घ्यायची, कडेला थापायची, चोच आडवी करून चोपायची. आपल्याच हाताने आपलं दार बंद. जेमतेम फट उरली तशी मादी फांदीवरून खाली आली, खोडाला बिलगली आणि घशातलं उंबर तिने आत सरकवलं.

"अरे, काय झालं?" खालून आक्का ओरडत होती. "जिवंत आहे ना? बोल की!"

चिखलाची पिशवी छातीशी धरून मिस्त्री दोराला लोंबकळत राहिला. मग त्याने वरूनच हाक दिली, "आहे गं! स्वतःच दार लावून घेतलंय त्याने!"