दुसरी लाल बादली

आमच्या गल्लीत लाल बादली कुणी विकत घेत नाही. पाहुण्यानं कौतुकानं आणली तर त्याला चहा पाजतात आणि बादलीसकट वाटेला लावतात. ऐकणारे हसतात. हसू देत बापडे.

मी काळा रंगवणारा. सुताच्या लडी गंधकाच्या काळ्या रंगात बुडवायच्या आणि उरलेलं पाणी सोडून द्यायचं, हा घरचा धंदा. पूर्वी गल्लीतले सगळेच कारखाने आपापलं पाणी सरळ नदीत सोडायचे. एकदा एक पांढरं बदक या काठानं पाण्यात उतरलं आणि पलीकडच्या काठाला मोर होऊन निघालं. खोटं वाटत असेल तर मोराला विचारा. पण पुढे घरातल्या नळांनाही रंग यायला लागला, लेकरांच्या अंगावर चट्टे उठले, तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. सगळ्यांनी मिळून गल्लीच्या टोकाला पाणी शुद्ध करायची एकच मोठी टाकी बांधली आणि सगळ्यांची मिळून एकच नळी तिथवर नेली. टाकीला आम्ही सासूबाई म्हणतो. तिच्या पोटातले जंतू आमची घाण खातात, पण जरा कमीजास्त झालं की फेस काढून आठवडाभर रुसतात.

सासूबाई रुसली तर समजूत काढता येते. भीती वेगळीच होती. माझ्या पाण्यात गंधक. वळणापलीकडचा तारवाला लोखंडी तारा अ‍ॅसिडात धुतो. त्याचं पाणी आणि माझं पाणी नळीत भेटलं, की सडक्या अंड्याच्या वासाचा वायू सुटतो. थोडा असला तर माणूस नाक दाबतो. फार झाला तर वायू आधी नाकच मारतो. वास येईनासा होतो, माणसाला वाटतं, गेली ब्याद. आणि मग माणूसच जातो.

म्हणून गल्लीत लाल बादली एकच. ती ज्याच्या दाराच्या खिळ्याला उलटी टांगलेली, त्यानंच पाणी सोडायचं. पाणी संपलं, नळी धुऊन झाली, की बादली पुढच्या दारी. इतकी वर्षं त्यात कधी चूक झाली नव्हती.

नळी जिथे संपते तिथे खोल विहीर आहे आणि विहिरीत लोखंडी जाळी. पाण्याबरोबर आलेलं सूत आणि चिंध्या जाळीत अडकतात. पाणी चालू असतानाच ते दाताळ्यानं ओढावं लागतं, नाहीतर जाळी तुंबते. हे काम माझी सून करते. पायऱ्या उतरून कट्ट्यावर उभी राहते. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, दोर वर कठड्याला बांधलेला. तोंडाचा पट्टा मात्र मोकळाच. तिची बडबड विहिरीतून अशी घुमते की रस्त्यावरून जाणारा उगाचच 'हो, हो' म्हणून जातो.

त्या दिवशी बादली माझ्या दारी होती. मी नळीचं चाक फिरवून पाणी सोडलं आणि तारवाल्याकडे गप्पा छाटायला निघालो. वळणावर आलो आणि थबकलो. तारवाल्याच्या दाराला लाल बादली. उलटी. थेंब गळणारी. मनात म्हटलं, म्हातारपण आलं खरं, आपली बादलीसुद्धा आपल्यापुढे चालते. मग मागे वळून पाहिलं. माझ्याही दाराला बादली होती.



तारवाल्याची थोरली बहीण आदल्या संध्याकाळी राहायला आली होती. भावाच्या घरी रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून नवी बादली घेऊन आली. सकाळी घासली आणि निथळायला दिसला तो खिळा धरून उलटी अडकवली. तारवाला बाहेर आला, बादली पाहिली, आज पाळी लवकर आली म्हणून खूश झाला आणि त्यानं चाक उघडलं. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच ओरडलो, "बंद कर, माझं चालू आहे."

त्याचा चेहरा पिठासारखा झाला. त्यानं चाक बंद केलं. पण गेलेलं पाणी कुणाचं ऐकतं?

मी धावलो. पाणी रस्त्याखालून, मी रस्त्यावरून, दोघांची एकच वाट. माझी सावली मागे पडली म्हणतात, मला बघायला वेळ नव्हता. पहिल्या चेंबरच्या झाकणाशी वाकलो, वास नाही. पुढच्याशी किंचित. त्यापुढच्याशी असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी वाहिलं. म्हणजे ते माझ्यापुढे निघून गेलं होतं. टाकीच्या फाटकातून आत शिरलो, विहिरीकडे वळलो, आणि वास गेला.

वाटलं, सुटलो. आणि लगेच माझ्या नाकाची मला भीती वाटली.

विहिरीतून बडबड येत नव्हती.

मुलगा टाकीत हवा फुंकणाऱ्या ब्लोअरवर कामाला असतो. मी धडपडत मागे हटताना त्यानं मला पाहिलं आणि न सांगताच समजला. तो पायऱ्यांकडे झेपावला. मी त्याचे पाय धरले, पाडला आणि पाठीवर बसलो. एरवी तो मला एका हातानं उचलतो.

"बाबा, सोडा. ती खाली आहे."

"म्हणूनच. तू उतरलास तर दोन ओढावी लागतील."

बापानं मुलाला असं सांगावं, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये. मागून तारवाला आला. त्यानं ब्लोअरची जाड नळी विहिरीच्या तोंडात सोडून हवा चालू केली, तोंडाला ओला पंचा बांधला, वाकला आणि दोर ओढायला लागला. दोर अडकला. हिसका दिला तसा काहीतरी सुटल्यासारखा सैल झाला आणि वर आला. फार हलका आला. टोकाला नुसता पट्टा.

मुलगा माझ्याखाली धडपडायचा थांबला. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

तेवढ्यात मागच्या भिंतीपलीकडून कुणीतरी ओकल्याचा आवाज आला. विहिरीला गाळ काढायच्या पायऱ्या मागूनही आहेत. त्यांच्या तोंडाशी सून मातीत पालथी पडली होती. काळं पाणी अ‍ॅसिड मिसळून जाळीवर एकदम दुधाळ झालेलं पाहून ती पळाली होती. दोर खाली जाळीत अडकला, म्हणून पट्टा सोडून मागच्या वाटेनं निघाली. श्वास मिळाल्यावर म्हणाली, "मेला दोर. माझ्यापेक्षा त्यालाच खाली राहायची हौस."

तारवाल्याची बहीण दिवसभर पदरात तोंड घालून रडली. तिला कुणी बोललं नाही. अ‍ॅसिडाच्या पाण्याला वेगळी नळी घालायचं गल्लीनं ठरवलं, खणायलाही सुरुवात झाली. सून बरी होऊन जाळीवर परतली. मी वर कठड्याशी बसायला लागलो आणि दर थोड्या वेळानं विचारायला लागलो, वास येतोय का? खालून उत्तर यायचं, येतोय मामंजी. वास येतोय तोवर जीव आहे, असा माझा हिशेब.

मग एकदा सगळे कारखाने बंद होते. नळी कोरडी ठणठणीत. सून नळाच्या स्वच्छ पाण्यानं जाळी घासत होती. मी सवयीनं विचारलं.

"येतोय मामंजी. सडक्या अंड्यांचा."

मी पायऱ्या उतरून तिच्याजवळ गेलो. खाली कसलाही वास नव्हता. माझ्या तोंडाकडे पाहिल्यावर तिचा हात थांबला.

"त्या दिवसापासून काहीच येत नाही," ती म्हणाली. "ह्यांना सांगू नका. घरी बसवतील."

सांगायला हवं होतं. पण तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला बोलवेना. वेगळी नळी अजून निम्म्यावरच आहे. तोवर पाणी चालू असलं की मी तिच्या वरच्या पायरीवर बसतो. आम्हा दोघांत मिळून एक नाक, तेही म्हातारं, जरा गारवा पडला की चोंदणारं.

परवा काळं पाणी धो धो चालू असताना मला वास येईनासा झाला. सर्दी होती की काय होतं, देव जाणे. मी तिला विचारलं नाही. तिचा दोर दोन्ही हातांत धरला आणि वर धावत सुटलो.