विजेरीचा चौथा भाग

आधी हात दाखवा, मित्रांनो. ओले नाहीत ना? कानामागे पेन्सिल तर खोचलेली नाही? मग बसा. मी एक जुना चित्रकथेचा अंक आहे, आणि माणसांवर चटकन विश्वास ठेवण्याची माझी सवय कधीच मोडली आहे.

छापखान्यात माझा जन्म झाला. आधी अंगावर पिवळा रंग चढला, मग लाल, मग निळा, आणि शेवटी काळ्या रेघांनी मला नाक-डोळे दिले. पाठीत दोन पिना बसल्या आणि मी बाजारात आलो. माझी नायिका विजेरी. तिच्या तळहातांतून उजेड फुटतो. दुसऱ्या मालिकेचा नायक काळोख्या. तो म्हणजे नुसती सावली, पण माणसासारखी माया लावणारी. एरवी दोघांचे अंक वेगळे, वाचकही वेगळे. त्या वर्षी मात्र प्रकाशकाने दोघांना एकाच गोष्टीत आणले. पहिला भाग काळोख्याच्या अंकात, दुसरा विजेरीच्या, तिसरा पुन्हा त्याच्या, आणि चौथा, शेवटचा, म्हणजे मी. गोष्ट पुरी हवी तर दोन्ही मालिका घ्या! या चलाखीमुळे प्रकाशकावरही माझा तेव्हापासून संशय आहे.

ज्या घरात मी आलो तिथे दोघी बहिणी होत्या. थोरली काळोख्याची, धाकटी विजेरीची. दोघींच्या पत्र्याच्या पेट्याही वेगळ्या. धाकटी मला मांडीवर घेऊन वाची, पान उलटताना बोट फ्रॉकला पुसून घेई. किती कौतुक झाले माझे! थोरलीला मात्र एक खोड होती. हातात पेन्सिल असल्याशिवाय तिला वाचताच येत नसे. तिने दुसरा भाग वाचायला नेला, तो परत आला तेव्हा समासात शेरेच शेरे. ‘खोटं!’ ‘हे कसं शक्य आहे?’ ‘विजेरीवर नजर ठेवा.’ धाकटी रडून रडून लाल झाली.

तिसऱ्या भागाच्या शेवटच्या चित्रात विजेरी काळोख्याला तळघरात कोंडते आणि बाहेरून कडी घालते. पुढे काय झाले ते माझ्या पोटात. थोरली मला मागायला आली, तशी धाकटीने पेटीवरच बसकण मारली.

“तू त्यावर लिहितेस.”

“नाही लिहिणार. आईशप्पथ.”

“मागच्या वेळी पण आईचीच शपथ घेतली होतीस. आई अजून धडधाकट आहे हे नशीब.”

“मग तुझी विजेरी दगाबाज! आणि तूसुद्धा!”

तो शब्द त्या घरात पडला तो पडलाच. पोरी मोठ्या झाल्या, घरे वेगळी झाली, बोलणे तुटक होत गेले. धाकटी शिवणकाम करू लागली. मी तिच्या शिवणयंत्राच्या खणात चिंध्या आणि खडूच्या तुकड्यांखाली गेलो. कोपरे मुडपले, कडांना कसर लागली. वर्षानुवर्षे माझ्या डोक्यावर यंत्र गात राहिले आणि खाली मी मिटलेलाच पडून राहिलो. थोरली एका साप्ताहिकात परीक्षणे लिहू लागली. तिच्या पेन्सिलीला लेखक टरकतात म्हणे.

एका दुपारी तीच दारात उभी.

“ताई? वाट चुकलीस की काय?”

“जुन्या चित्रकथांवर सदर चालवतेय. विजेरी-काळोख्याच्या त्या गोष्टीवर परीक्षण लिहितेय. लिहून झालंय तसं.”

“शेवट न वाचता?”

“शेवटात काय असणार? ती दगा देते.” मग तिचा आवाज खाली आला. “संपादक म्हणाले, चौथा भाग स्वतः वाचलात ना? दुकानं पालथी घातली गं. कुठेच नाही. संध्याकाळी मजकूर छापायला जायचाय.”

धाकटीने कात्री खाली ठेवली. “म्हणजे अंकासाठी आलीस. माझ्यासाठी नाही.”

“दोन्हीसाठी.”

“कोण जाणे!”

माझ्या पिना थरथरल्या. ते परीक्षण तसेच छापून आले असते, तर विजेरी साऱ्या वाचकांत कायमची दगाबाज ठरली असती, आणि या घराचे दारही थोरलीला कायमचे बंद झाले असते. धाकटीने खण ओढला, पण मला छातीशी धरून ठेवले.

“पेन्सिल इथे ठेव. पर्समधली पण. आणि अंबाड्यातली?”

थोरलीने निमूटपणे तिसरी पेन्सिल काढून दिली. मग कुठे धाकटीने मला तिच्या हाती दिले, आणि तिने मला उघडले. विजेरीचा शत्रू सावल्या गिळणारा होता. काळोख्या बाहेर असता तर एका घासात संपला असता, आणि त्याला सांगितले असते तर तो आत थांबलाच नसता. म्हणून ती एकटी गेली. लढता लढता तिच्या हातांतला सगळा उजेड सरला. शेवटच्या चित्रात ती चाचपडत येऊन कडी काढते, आणि ज्याला अंधारातही दिसते तो काळोख्या तिचा हात धरून तिला घरी नेतो.

थोरली त्या पानावर खिळून राहिली. “तेव्हाच सांगायचंस ना मला.”

“तू विचारलंस कुठे? ठरवून मोकळी झालीस.”

आता ही धाकटीला खूश करायला माझे गोडवे गाणार, अशी मला शंका आली. पण थोरली नाक पुसून म्हणाली, “शत्रूला मात्र दोनच चित्रांत उडवलाय. चित्रकाराला घाई झालेली दिसतेय.”

“ते मलाही तेव्हाच वाटलं होतं,” धाकटी हसली. माझे मुखपृष्ठ शरमले, पण जीव भांड्यात पडला. कौतुकापेक्षा तो खरा शेरा मला अधिक भरवशाचा वाटला.

धाकटीने पेन्सिल परत दिली. थोरलीने आपल्या लेखातला ‘दगाबाज’ शब्द खोडला. मग धाकटीने मलाच पुढे सरकवले. “लिही. एकच शेरा. बारीक अक्षरात.”

थोरलीने शेवटच्या चित्राशेजारी लिहिले, ‘पटलं.’ आणि लगेच खाली, ‘पण चित्रं घाईची...’

“ताई! एकच म्हटलं होतं ना!” धाकटीने मला झडप घालून ओढले, आणि दोघी हसत सुटल्या.

आता आम्ही चारही भाग साडीच्या जुन्या काठाने एकत्र बांधलेले असतो. मित्रांनो, अंकांची ताटातूट करू नका. शेवटचे पान वाचल्याशिवाय कुणालाही दगाबाज म्हणू नका. आणि मला उघडणार असाल, तर आधी ती केसांत लपवलेली पेन्सिल काढून ठेवा. हो, दिसली मला.