रणात मी नयनाबाईंच्या गळ्यात होते

मी एक दुर्बीण बोलतेय. काळी, जडशीळ, रशियात घडलेली. अंगावरचं चामडं एका कडेला सुटलंय, पण काचा अजून लख्ख आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे याच काचांवर आळ येणार आहे.

एक्याण्णव साली बडोद्याच्या फतेगंजमधल्या एका लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. जनार्दनराव तिथे टेबल बघायला आले होते. टेबल राहिलं बाजूला. त्यांनी मला उचललं, अंगणातल्या कडुनिंबाकडे रोखलं आणि म्हणाले, "अरे वा!" झाडावर साधा बुलबुल बसला होता. पण त्या "अरे वा"ने मी त्यांची झाले ती कायमची.

जनार्दनराव रिफायनरीत नोकरीला, घर निजामपुऱ्यात. हिवाळ्यात दर रविवारी पहाटे ते मला गळ्यात अडकवून स्कूटर काढायचे आणि आम्ही डभोईच्या बाजूला, वढवाण्याच्या तलावावर जायचो. राजहंस, चक्रवाक, थापट्या बदकं, सगळी मी त्यांना जवळ आणून द्यायचे. त्यांचे डोळे माझ्यावर टेकले की जगात तिसरं कुणी नसायचं.

त्यांची बायको, नयनाबाई, दारापर्यंत यायच्या. "मला पण न्या ने एकदा."

"कंटाळशील गं. तासन्‌तास गप्प बसावं लागतं तिथे."

"मग मी इथे घरी काय भाषणं करते?"

शेजारच्या निरुपमाबेनना त्या हसत सांगायच्या, "रविवारी आमचे हे सवतीबरोबर असतात." हसू वरवरचं होतं, हे मला ऐकू यायचं. आणि खरं सांगू? मला बरं वाटायचं.

मग जनार्दनराव निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. आधी ते माझ्या काचा वरचेवर पुसू लागले. मग म्हणू लागले, "आत बुरशी धरलीय." मांडवीजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे मला नेलं. त्याने उघडून पाहिलं आणि सांगितलं, "साहेब, काही खराबी नाही." जनार्दनरावांना ते पटलं नाही. घरी येऊन त्यांनी मला पहिल्यांदाच कपाटाच्या वरच्या खणात ठेवलं. बारा वर्षांची सोबत, आणि मला तोंड उघडून "मी नाही, मी नाही" म्हणता येईना.

जानेवारीत एका संध्याकाळी त्यांनी मला खाली काढलं. मी हरखले. तेवढ्यात ते आत वळून म्हणाले, "नयना, तुला रण दाखवतो. घुडखर बघू. रानगाढवं गं! अख्ख्या देशात तिथेच आहेत."

तुला. मला नव्हे.

पाटडीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी जीपने कच्छच्या छोट्या रणात शिरलो. नयनाबाईंनी साडीवर कॅनव्हासचे बूट घातले होते आणि डोक्याला शाल गुंडाळली होती. रण म्हणजे नुसती तडकलेली जमीन, पार क्षितिजापर्यंत. नयनाबाई जीपमध्ये उभ्या राहून दांडा धरून ओरडत होत्या, "अहो, केवढं मोकळं आहे हो हे!" साठीला टेकलेली बाई, पोरीसारखी ओरडते. जनार्दनराव मला सोडून तिच्याकडेच बघत होते. मी त्यांच्या छातीवर आपटत होते आणि मनातल्या मनात जळत होते.

जीपचं एक चाक बसलं. जीपवाला ते बदलू लागला, तशी ही दोघं पाय मोकळे करायला थोडी पुढे आली. जनार्दनरावांनी मला डोळ्यांना लावलं आणि उत्साहाने बोट दाखवलं. "तो बघ कळप! सात-आठ तरी आहेत. घे, तूच बघ."

आणि त्यांनी मला गळ्यातून काढून बाईंच्या गळ्यात घातलं.

मला ते अंग परकं होतं. तेलाचा वास, आखूड बोटं, चाचपडत फिरवलेलं माझं मधलं चाक. बाईंना सगळं धूसर दिसलं आणि मी खूश झाले. पण त्यांनी हळूहळू चाक फिरवलं आणि मला उघडावंच लागलं.

"अहो, ही झुडपं आहेत."

"नीट बघ. काच खराब आहे तिची."

"काच छान आहे. मला त्यांचे काटेसुद्धा दिसतायत."

जनार्दनराव मान झटकून त्या झुडपांकडे चालू लागले, जणू जवळ जाऊन गाढवंच करून दाखवणार होते. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सुटले मी त्या आळातून! पण त्याच क्षणी बाईंनी मला खाली, त्यांच्या वाटेवर रोखलं. पुढची जमीन काळपट, ओलसर चमकत होती.

"अहो, थांबा! तिकडे ओलं आहे! दिसत नाही का?"

नव्हतंच दिसत. दोन पावलं टाकली आणि वरचा पापुद्रा फुटला. एक पाय गुडघ्यापर्यंत गेला, तो काढायला गेले तर दुसराही. जीपवाला पाना टाकून धावत सुटला, ओरडत, "बेन, तमे आगळ ना जता! नीचे कादव छे!"

पुढे जाऊ नका, खाली चिखल आहे, हे ऐकूनही बाई थांबल्या नाहीत. जिथवर जमीन टणक होती तिथवर गेल्या, खाली बसल्या, डोक्याची शाल सोडून फेकली. "हलू नका. टोक धरा. मागे रेला, पाठीवर."

मला वाटलं, आता ते म्हणतील, दुर्बीण सांभाळ. रिफायनरीच्या पाइपवरून एकदा पाय घसरला होता, तेव्हाही त्यांना माझीच आठवण झाली होती असं त्यांनीच मित्रांना सांगितलं होतं. पण चिखलात रुतलेल्या त्या माणसाच्या तोंडून एकच शब्द येत होता. "नयना. नयना."

जीपवाला पोचला. दोघांनी मिळून ओढलं. चिखलाने एक बूट ठेवून घेतला आणि जनार्दनराव बाहेर आले.

नंतर जीपच्या सावलीत बाई त्यांच्या पायांवर बाटलीतलं पाणी ओतत होत्या. जनार्दनराव म्हणाले, "दोन वर्षं झाली. सगळं धुक्यातून बघितल्यासारखं दिसतं."

"मोतीबिंदू असेल. मग बोलला का नाहीत?"

"वडिलांचं ऑपरेशन बिघडलं होतं. होतं तेवढंही गेलं त्यांचं. आणि दिसत नाही म्हटल्यावर रविवारी करायचं काय मी?"

बाईंचा हात थांबला. "मला घेऊन जायचं होतंत," त्या म्हणाल्या.

 तिची चिखलाने माखलेली शाल जनार्दनराव धुतलेल्या धोतरासारखी पिळत बसले, पिळून काही निघत नव्हतं तरी.

दिवस उतरताना पाणथळीवर पोचलो. मी बाईंच्याच गळ्यात. जनार्दनराव एका पायात बूट घालून जीपच्या बॉनेटला टेकलेले. "सांग काय दिसतं."

"उंच आहेत. गुलाबी. चोच वाकडी, उलटी धरून पाण्यात हलवतायत, तांदूळ रोळल्यासारखी."

"रोहित! रोहित पक्षी आहेत गं ते! किती?"

"मोजायचे नाहीत मला. नुसते बघू द्या ने."

जनार्दनराव मोठ्याने हसले. बारा वर्षांत मी त्यांना हजारो पक्षी दाखवले होते, इतकं हसवलं नव्हतं एकदाही. ज्या बाईला पक्ष्याचं नाव ठाऊक नाही, तिच्या बोलण्यातून त्यांना माझ्यापेक्षा स्वच्छ दिसत होतं. त्या संध्याकाळी माझ्या पोटात जे तुटलं, ते कुठलाच दुरुस्तीवाला सांधू शकला नसता.

होळीच्या आत बडोद्यातच ऑपरेशन झालं, दोन्ही डोळ्यांचं, आणि छान झालं. मला वाटलं, आता माझा पट्टा परत त्यांच्या गळ्यात. पण हिवाळा आला, तळ्यावर आम्ही तिघं जाऊ लागलो, आणि पट्टा बाईंच्या उंचीला आखूड केलेला. जनार्दनराव म्हणायचे, "तू बघ, तू सांग."

तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी कपाटात असेल, तर एक विनंती. खराब म्हणण्याआधी एकदा दुसऱ्याच्या डोळ्यांनी बघून घ्या.

आता निघते, पण गेल्या रविवारचं सांगून. बाईंनी आपणहून मला काढलं, त्यांच्या हातात दिलं आणि बांधावरून पुढे चालू लागल्या. जनार्दनरावांनी मला डोळ्यांना लावलं. कितीतरी दिवसांनी त्या पापण्या मला लागल्या. पाण्यावर राजहंस उतरत होते आणि मी तयार होते. त्यांनी मला पाण्यावरून हळूच वळवलं, बांधावर आणलं, पदर खोचून चाललेल्या त्या पाठमोऱ्या बाईवर रोखलं, आणि "अरे वा" वगैरे काही न म्हणता तसंच धरून ठेवलं.

माझी खूप जळजळ झाली. तरी मी तिला त्यांच्या अगदी जवळ आणून दिलं. मला तेवढंच येतं.