सिलोनचा दिवा, कापेलची खिडकी

मी पितळेचा दिवा बोलतोय. वीतभर उंच, माथ्यावर कोंबडा, बुडाला पोचा. सध्या मुक्काम नेदरलँड्समधल्या कापेल आन डेन आयसेल गावी, राजानंदच्या घरातल्या खिडकीत. शेजारी एक ऑर्किड आहे. त्याला पाणी मिळतं, मला तेल मिळत नाही. या घरात मला पेटवायचं नाही असं ठरलेलं आहे. का, ते सांगतो.

वयाने मी म्हातारा झालो, पण खरा जगलो ते एकच वर्ष. १९५६ साल, सिलोन. आता त्या बेटाला श्रीलंका म्हणतात. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षं होत होती आणि सगळा देश तयारीला लागला होता. कँडीजवळच्या आमच्या ओताऱ्याला मान वर करायला फुरसत नव्हती. विहारात बुद्धमूर्तीपुढे खोबरेल तेलावर तेवणारे दिवे तो ओतत होता. त्यातलाच मी एक.

तिथून मी कोलंबोत एका तमिळ दुकानदाराकडे विकायला आलो. तो स्वतः शंकराचा भक्त. पण मे महिन्यात वैशाखी पौर्णिमेला गल्लीभर कागदी कंदील लागले, रस्त्यात फुकट जेवणाच्या पंगती बसल्या, तेव्हा तो बायकोला म्हणाला, आपलंच दार अंधारात कशाला? त्याने मला मांडणीवरून उचललं आणि उंबऱ्यावर पेटवलं. येणारेजाणारे थांबून बघायचे, हसायचे. फार सुख वाटलं मला. जग असंच असतं, असा माझा समज झाला.

जूनमध्ये सरकारने कायदा आणला की देशाची राजभाषा एकच, सिंहली. तमिळ लोक विरोध करायला बसले, त्यांना मारहाण झाली, आणि मग जमाव दुकानांवर आला. कंदील लावणारे काही चेहरे मी त्या जमावात ओळखले. काच फुटली, मी फरशीवर आपटलो. पोचा तेव्हाचा. दुकानदार मागच्या खोलीत पोरांच्या तोंडावर हात ठेवून बसला होता. पुढे कितीतरी दिवस गल्लीत कुणी कुणाच्या दाराशी गेलं नाही. तेव्हापासून मी रोषणाईवर भाळत नाही.

सप्टेंबरात त्याने उरलासुरला माल मिळेल त्या भावात काढला आणि तो तमिळ मुलखात, जाफन्याला निघून गेला. मला विकत घेतलं राजनने. राजन नागपूरचा, मुंबईच्या एका बोटीवर भट्टीत कोळसा टाकायचा. हा बुद्धापुढचा दिवा, असं दुकानदाराने त्याला सांगितलं आणि राजनचे डोळेच चमकले. ऑक्टोबरात नागपूरला लाखो लोक बौद्ध धम्माची दीक्षा घेणार होते. राजनला घरी न्यायला याहून साजेशी वस्तू कुठली मिळणार होती?

दीक्षा झाली. घरातले देव नदीत सोडले, जुने विधी पुन्हा करायचे नाहीत अशी शपथ घेतली. त्याच संध्याकाळी राजनने मला टॉवेलातून बाहेर काढलं.

“समई कायले आणली?” त्याची बायको म्हणाली. “आत्ताच सोडून आलो ना आपण सारं?”

“अवं, समई नाही हे. तिकडं बुद्धापुढं लावतात.”

“लोक पाहतील तर समईच म्हणतील. मले नको.”

मी ट्रंकेत गेलो. तिचा मला राग आला होता, आता येत नाही. जे सोडायला पिढ्या गेल्या, ते मागल्या दाराने घरात येईल याची तिला भीती होती.

राजनच्या मागे मी त्याच्या मुलीकडे, राधाबाईंकडे आलो. त्यांचे यजमान रमेशराव शाळामास्तर. शपथेच्या बाबतीत सासूपेक्षाही कडक. घरात माणूस गेलं की तेरावं होईपर्यंत दिवा तेवत ठेवायचा, या रीतीविरुद्ध ते गावोगाव भाषणं द्यायचे. वडिलांची आठवण म्हणून राधाबाईंनी मला टाकलं नाही, लावलंही नाही.

२०२०च्या जानेवारीत त्या लेकाकडे, राजानंदकडे, इथे कापेलला आल्या. लेकाला पितळी वस्तूंची हौस, म्हणून त्यांनी मलाही बॅगेत घातलं. रमेशरावांना विमानाची धास्ती, ते नागपुरातच राहिले. एप्रिलात परत जायचं होतं.

मार्चमध्ये सगळं बंद झालं. राजानंदचं युट्रेख्टचं ऑफिस जेवणाच्या टेबलावर आलं. समोरच्या खिडक्यांत लोकांनी मुलांसाठी कापडी अस्वलं बसवली. राजानंदच्या लेकीने, मैत्रीनेही एक माझ्याशेजारी आणून ठेवलं. रस्त्यात माणसं एकमेकांना बघून पलीकडच्या फुटपाथला जात. हे मी आधी पाहिलेलं होतं.

भारताने विमानं थांबवली आणि तिकडे रमेशरावांना दम लागू लागला. हृदय थकलं होतं. राधाबाई रोज विचारत, “राजा, विमानाचं काही कळलं का?” राजानंद दूतावासाला फोन लावी, ईमेल करी, विमान कंपनीच्या रांगेत कानाला फोन धरून तासन्‌तास उभा राही. राधाबाईंना एकच हवं होतं, नवरा जिवंत असताना त्याच्या उशाशी पोचायचं.

व्हिडिओ कॉलवर रमेशराव मात्र थट्टा करत. “काऊन रडून राहिली तू? मी काय पळून चाललो का?”

एप्रिल संपता संपता ते गेले. पुतण्या शिरीष फोन धरून उभा होता. तोंडाला मास्क लावलेली चारपाच माणसं, पांढरं कापड, निळा झेंडा. राधाबाई म्हणाल्या, “शिरीष, त्यांचे पाय दाखव रे.” त्याने फोन खाली नेला. पाय दिसले आणि चित्र तिथेच अडकलं. पुन्हा फोन लागेपर्यंत रमेशरावांना उचलून नेलं होतं. बाई आवाज न करता रडल्या. मैत्री “आजी, डोन्ट क्राय” म्हणत त्यांच्या पदराला धरून बसली.

दुसऱ्या दिवशी राजानंदने कापसाची वात वळली, मला सूर्यफुलाचं तेल घातलं आणि बापाच्या फोटोसमोर ठेवून काडी ओढली. इतक्या वर्षांनी ज्योत!  मला ओरडून सांगावंसं वाटलं की राजन खरं बोलत होता, मी बुद्धापुढचाच दिवा आहे.

राधाबाई स्वयंपाकघरातून आल्या.  पुढे होऊन त्यांनी दोन बोटांनी वात चिमटली.

“जन्मभर हेच सोडा म्हणून तुझा बाप घसा फोडून सांगत होता. आता त्याले बोलता येत नाही, म्हणून लावतो का?”

“आई, मला दुसरं काय करावं ते सुचत नाही गं.”

“काही करू नको. बस माझ्याजवळ.”

मग दोघांनी बुद्धवंदनेला लावतात तशा मेणबत्त्या फोटोपुढे लावून त्रिशरण-पंचशील म्हटलं. माझा अपमान झाला असं मला वाटलं खरं. पण विचार केल्यावर पटलं. राजानंदने मला बुद्धासाठी लावलंच नव्हतं, गेलेल्या बापासाठी लावलं होतं. बाईंना ते बरोबर कळलं.

उन्हाळ्यात खास विमानं सुटली आणि राधाबाई नागपूरला परतल्या. रिकाम्या घरात एकट्या राहिल्या. पुढच्या एप्रिलात नागपुरात साथीचा कहर झाला आणि त्यांना हॉस्पिटलात खाट मिळेपर्यंत उशीर झाला. या खेपेला शिरीषलाही आत सोडलं नाही. पाय दाखवायलाही कुणी नव्हतं.

राजानंदने आईचा फोटो बापाच्या शेजारी ठेवला आणि दोन मेणबत्त्या लावल्या. मैत्रीने माझ्याकडे बोट दाखवलं. “बाबा, शाळेत माझी मैत्रीण आहे श्रीलंकेची. शी सेज त्यांच्याकडे हा बुद्धासमोर लावतात. कॅन वी?”

 पासष्ट वर्षांनी कुणीतरी माझी बाजू मांडली होती.

राजानंदने मला हातात घेतलं, वातीच्या जागेवरची काजळी अंगठ्याने पुसली.

“लावत असतील. पण नको,” तो म्हणाला. “आजीचं बोट भाजलं होतं यानं. फोड आला होता. मला दिसू नये म्हणून मूठ मिटून हिंडायची.”

त्याने मला परत खिडकीत ठेवलं. वाचकहो, तुमच्या घरी कुणी माझ्यासारखा असेल तर खुशाल पेटवा त्याला. माझ्यात मात्र आता तेल घालू नका.