पालथा न घातलेला पेला

यासीनचा फोन आला तेव्हा मी खारघरच्या घरी भौतिकशास्त्राची जुनी पुस्तकं कॉलेजला देण्यासाठी बाजूला काढत होते.

"ताई, अम्मीला आता तुम्हीच समजवा. मागची भिंत फुगलीय. इंजिनिअर म्हणतो, लगेच रिकामं करा. कामोठ्याला फ्लॅट तयार आहे. पण ही म्हणते, वर मेहमान आहे, त्याला टाकून कशी येऊ?"

वर म्हणजे मुसाफिरखान्याच्या वरच्या खोलीत. मेहमान म्हणजे माझे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली.

पनवेलमध्ये जुन्या पुणे रस्त्याला लागून हा मुसाफिरखाना यासीनच्या पणजोबांनी बांधला. माझे वडील, कमलाकर, भुताच्या कादंबऱ्या लिहायचे. घरी लिहिणं व्हायचं नाही, म्हणून सुट्टी लागली की ते इथली वरची खोली घ्यायचे. कधीकधी मलाही आणायचे. एका कादंबरीत त्यांनी याच खोलीत भूत घातलं. "कमलाकरभाई, माझी गिऱ्हाइकं पळवता काय?" म्हणून यासीनचे वडील, नझीरभाई, चिडले होते. झालं उलटंच. वाचक येऊन भुताचीच खोली मागू लागले.

मी जिन्यात बसून गणितं सोडवायची. शब्द सुचेना की वडील अंगठी टेबलावर वाजवायचे. टक. टक टक. आवाज थांबला की समजायचं, सुचलं. मग यासीनची आई, जमिलाचाची, मला स्वयंपाकघरात बोलवायची आणि गरम सांदण हातावर ठेवायची.

मुसाफिरखान्याची एक रीत होती. प्रत्येक खोलीत पाण्याचा पितळी पेला असे. जाताना पाहुण्याने उरलेलं पाणी पिऊन पेला स्वतः पालथा घालायचा. तो पालथा झाल्याशिवाय पाहुणा गेला असं धरायचं नाही, खोली दुसऱ्याला द्यायची नाही. शेवटच्या खेपेला वडील इथून मुंबईला डॉक्टरांना दाखवायला गेले आणि तिकडेच वारले. पेला सुलटाच राहिला.

मी पोचले तेव्हा चाची दारातच खुर्चीवर बसली होती.

"आलीस? यासीननं बोलावलं असणार. दुबईत लिफ्ट दुरुस्त करून आलाय, आता आईला दुरुस्त करतोय."

"अम्मी, भिंत बघ तरी!"

"भिंत माझ्या लग्नाच्या आधीपासून उभी आहे."

"म्हणूनच पडेल ना!"

आम्ही वर गेलो. ऊन उतरत होतं. टेबलावर पेला तसाच होता.

"रोज सकाळी काठोकाठ भरते," चाची म्हणाली. "आता बघ, नखभर कमी. कोण पितं?"

"चाची, छपराचा पत्रा तापतो. पाणी उडून जातं."

"आणि अंगठी वाजते ती?"

"पत्राच तो. उन्हाने पसरतो, ऊन गेलं की आक्रसतो, तेव्हा खिळ्यांपाशी वाजतो."

तिने सगळं नीट ऐकून घेतलं. "असेल. तू शिकलेली आहेस. मग घाल पेला पालथा. मुलगी आहेस, तुझा हक्क आहे. तू घातलास की मी गाडीत बसते."

मी पेला उचलला. तेवढ्यात डोक्यावर वाजलं. टक. टक टक. कुठला पत्रा, तेही मला कळत होतं. तरी मी आवाज थांबायची वाट बघत उभी राहिले. तो थांबला. सुचलं, असं मनात आलं, आणि माझा हात काही वळेना.

"ताई?" यासीन म्हणाला.

"मला नाही जमत."

"घ्या! आता तुम्ही पण?"

 चाची पलंगाच्या काठावर बसली. तिच्यामागच्या भिंतीत माझं बोट जाईल एवढी भेग होती. तिला इथे ठेवून जाणंही मला शक्य नव्हतं.

"चाची," मी विचारलं, "यजमान घर बदलतो, तेव्हा मेहमानाला सोबत नेता येतं का?"

ती विचारात पडली. "गाढी नदीला पूर आला तेव्हा सासऱ्यांनी सगळ्या मेहमानांना मशिदीजवळच्या घरी नेलं होतं," ती हळूहळू म्हणाली. "पेल्यांसकट."

"मग चला."

मी मागच्या सीटवर पेला मांडीवर धरून, तोंडावर तळहात ठेवून बसले. शेजारी चाची.

"यासीन, सावकाश घे," ती म्हणाली. "त्यांना गाडी लागायची."

खरंच लागायची. मी विसरले होते.

फ्लॅटमध्ये चाचीने पेला खिडकीशी टेबलावर ठेवला आणि सांडलं होतं तेवढं पाणी भरलं. वर सिमेंटचा स्लॅब होता. तो वाजणार नाही हे मला ठाऊक होतं. तरी आम्ही दोघी दिवा न लावता बसून राहिलो. खालून रिक्षांचे हॉर्न, क्लासमधून सुटलेल्या मुलांचा गलका. बाकी काही नाही.

"नवी जागा आहे," शेवटी चाचीच म्हणाली. "बस्तान बसायला वेळ लागेल त्यांना."