बाईंची इस्त्री आणि गॅरेजातलं विमान

इस्त्री बोलत नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तापलेल्या इस्त्रीला कधी ओलं बोट लावून बघितलेलं नाही. मी बोलते. बाई बोट जिभेला टेकवायच्या, माझ्या तळाला निसटतं लावायच्या आणि मी लगेच ‘छस्स’ म्हणायचे. तेवढ्यावरून त्यांना कळायचं, आता सुती चालेल, रेशमाला अजून थांबायला हवं. आम्हा दोघींचं बोलणं एवढंच, पण त्यात सगळं यायचं.

मी जुन्या घडणीची. वाफबीफ मला येत नाही. पोटात तापणारी तार, खाली जाडजूड लोखंडी तळ, वर काळी मूठ आणि आकडे पुसट झालेली एक चकती, एवढाच माझा संसार. दुकानात मी बराच काळ फळीवर पडून होते. गिऱ्हाईक मला उचलायचं आणि “फार जड आहे हो” म्हणून परत ठेवायचं. मग एकदा बाई आल्या. त्यांनी मला उचललं, मनगट जरा फिरवून बघितलं आणि दुकानदाराला म्हणाल्या, “वजन आहे हिला. मला असलीच हवी होती.”

बाई घरीच कपडे शिवतात. झगे, कोट, शाळेचे गणवेश, सगळं. शिवण कुणीही मारेल, पण ती बसवायची इस्त्रीनं, असं त्या म्हणतात. तेव्हा माझा तोरा काय असेल ते तुम्हीच ओळखा! आणि हेही सांगून ठेवते, मी त्यांच्याकडे आले ती लग्नाच्या आधी. यजमान माझ्या मागून आले.

यजमान लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणतात. “जन्मभर वर-खाली केलं, पण भिंतीच्या आत,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाई हसायच्या आणि मीही ते फारसं मनावर घेतलं नाही. मग लेकीचं लग्न झालं, ती दूर गेली, यजमान कामावरून निवृत्त झाले आणि एका सकाळी दाराशी ट्रक येऊन उभा राहिला. त्यातून लांबलचक लाकडी खोकी उतरली.

“अहो, हे काय मागवलंत? कपाट?”

“विमान.”

“कुणाचं?”

“आपलं. म्हणजे, व्हायचंय अजून. सुटे भाग आहेत, घरी जोडायचे. दोन माणसं बसतात.”

“दुसरं कोण बसणार?”

“तू.”

“माझं डोकं फिरलेलं नाही,” बाई म्हणाल्या आणि येऊन त्यांनी एका कॉलरवर मला इतक्या जोरात फिरवलं की कॉलर बिचारी सपाट झाली.

त्या दिवसापासून घर आमचं राहिलं नाही. गाडी गॅरेजातून रस्त्यावर गेली आणि तिच्या जागी विमानाचा सांगाडा आला. पंखांच्या फासळ्या बोळात भिंतीला टेकल्या. शेपूट लेकीच्या पलंगावर जाऊन झोपलं. स्वयंपाकघरातल्या बशांमध्ये स्क्रू आणि वायसर. जेवताना बोलणं विमानाचं, अंघोळ करताना गाणं विमानासाठी. यजमान तो सांगाडा मऊ फडक्यानं पुसायचे, तेही हळुवार. इतक्या वर्षांत मला कुणी मऊ फडक्यानं पुसलं नव्हतं.

बाई लेकीला फोनवर सांगायच्या, “तुझ्या बाबांनी सवत आणलीय घरात. पंखवाली.” पलीकडून लेक हसायची, बाईही हसायच्या. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण मला एक गोष्ट दिसत होती. बाई चहा घेऊन गॅरेजात जायच्या आणि चहा देऊन परत येण्याऐवजी दारातच उभ्या राहायच्या. “किती पसारा हा,” असं म्हणत राहायच्या, पण नजर त्या सांगाड्यावर. इकडे मी अर्ध्या केलेल्या बाहीशेजारी थंड होत पडलेली.

सरळ सांगते, माझा जळफळाट व्हायचा. मला दुसरं काही नको होतं. बाईंचा हात माझ्या मुठीवर असावा, बस्स. यजमान कुठेही उडोत.

मग कापड आलं. पांढरंशुभ्र, पातळ, भलामोठा गुंडाळा. पंखाच्या सांगाड्यावर ते पसरायचं, कडांना डिंकासारखं काहीतरी लावून चिकटवायचं. ते आधी पिशवीसारखं ढिलं बसतं. मग त्यावरून गरम इस्त्री फिरवायची म्हणजे ते आकसतं आणि ताणून घट्ट बसतं. होय, इस्त्रीच लागते. विमानाला!

“अगं, तुझी इस्त्री दे ना जरा.”

“नवी आणा.”

“जड हवी, वाफेची चालत नाही. असली आता मिळतच नाही कुठे. आजच्या दिवस फक्त.”

असली मिळत नाही, हे ऐकून क्षणभर मला बरं वाटलं, ते खोटं कशाला बोलू. पण गॅरेजात गेल्यावर यजमानांनी काय करावं? माझ्या तळाला थर्मामीटर चिकटवला. मग चकतीकडे बघितलं, थर्मामीटरकडे बघितलं आणि म्हणाले, “ही तर थापा मारते.” चकतीवर त्यांनी लाल रंगाची खूण केली. बाईंनी मला कधी खोटारडी म्हटलं नव्हतं. चकतीवर विश्वास ठेवायचा नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, पण त्यांनी ते कधी तोंडावर आणलं नाही.

सुरुवात शेपटाच्या उभ्या पात्यापासून झाली. यजमानांनी घाईघाईनं एकाच बाजूला पूर्ण ताण दिला. कापड आकसलं आणि आतली चौकट केळ्यासारखी वाकली. दोन्ही बाजूंना थोडं थोडं तापवत जायचं असतं, हे त्यांना नंतर आठवलं. ते डोकं धरून बसले आणि मला आतल्या आत उकळ्या फुटल्या.

संध्याकाळी मी परत बाईंच्या टेबलावर आले. टेबलावर एका गायिकेचा पांढरा झगा होता आणि दुसऱ्या दिवशी तिचा कार्यक्रम होता. बाईंनी ओलं बोट लावलं, मी ‘छस्स’ म्हटलं, त्यांनी विश्वासानं मला झग्यावर ठेवलं. माझ्या टोकाला विमानाचा तो गुलाबी, चिकट डिंक लागलेला होता. यजमानांनी तळ पुसला होता, टोक राहिलं होतं. झग्याच्या बरोबर पुढच्या भागावर गुलाबी ओघळ उमटला.

बाई मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी झग्याचा पुढचा सगळा भाग उसवला, नवीन कापून बसवला, आणि काम संपल्यावर माझी वायर गुंडाळून मला यजमानांच्या हातात दिलं.

“ही आता तुमच्या विमानाचीच. माझ्या टेबलावर परत नको.”

“अगं, साफ करून देतो ना.”

“भरवसा गेला की इस्त्री काय कामाची?”

दुसऱ्याच दिवशी माझ्या जागेवर एक निळी, प्लॅस्टिकची, वाफेची बया येऊन बसली. वजन तर उचलल्यासारखं वाटायचंसुद्धा नाही. सतत पाणी पिते आणि फुसफुसते. मी हे सगळं गॅरेजाच्या उघड्या दारातून बघत होते. म्हणजे आता मला दोन वैरिणी झाल्या. एक माझ्या जागेवर बसलेली आणि एक समोर पंख पसरून उभी.

त्या पंखवालीला मीच घडवलं, बरं का. फासळ्यांवरून, कडांवरून, पोटाखालून मी फिरले. माझ्या उष्णतेनं तिचं कापड असं ताणलं गेलं की टिचकी मारली तर टण्ण वाजायचं. शेजारीपाजारी बघायला यायचे. “वा, काय विमान आहे!” म्हणायचे. काय इस्त्री आहे, असं एकाच्याही तोंडून निघालं नाही.

शेवटी राहिलं उजव्या पंखाचं टोक. ते गोल होतं आणि तिथे कापड काही केल्या बसेना. चुण्याच चुण्या. यजमानांनी एकदा ते फाडून नवं लावलं, तरी चुण्या. पुन्हा लावलं. कापड संपत आलं होतं. विमानांची तपासणी करणारा माणूस त्याच आठवड्यात येणार होता आणि त्याचा होकार नसेल तर उड्डाण नाही. यजमान रिकाम्या खोक्यावर बसून राहिले. एवढं खचलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

बाई चहा घेऊन आल्या. या वेळी दारात थांबल्या नाहीत, आत आल्या आणि पंखाच्या टोकावर वाकल्या.

“हे काय करून ठेवलंय?”

“गोलाईवर बसत नाहीये गं. जमणार नाही मला.”

“जमेल कसं? मधून ओढताय तुम्ही. बाहीची गोलाई कुणी मधून ओढतं का? जास्तीचं कापड कडेनं थोडं थोडं जिरवायचं असतं. सरका बघू.”

“थांब, तुझी नवी इस्त्री आणतो.”

“ती काय, नुसती थुंकते. माझी द्या.”

माझी! तुम्ही ऐकलंत ना? माझी म्हणाल्या!

त्यांनी मला हातात घेतलं. मनगट जरा फिरवलं, दुकानात फिरवलं होतं तसंच. मी तापले. त्यांनी बोट जिभेला टेकवलं.

“अगं, थर्मामीटर आहे इथे,” यजमान म्हणाले.

“तोही लावा. दोन्ही बघू. तुम्ही बसणार आहात त्यात.”

मी ‘छस्स’ म्हटलं. थर्मामीटरही तेच म्हणाला. मग बाईंनी माझं टोक कडेला लावलं, उचललं, पुन्हा लावलं. एकेक चुणी आत जिरत गेली. यजमान श्वास रोखून बघत होते. इतकी सुखी मी कधीच नव्हते. फक्त एक गोष्ट खुपली. बाईंचा उजवा हात माझ्यावर होता, पण डावा त्या पंखावर होता. चांगल्या कपड्यावर ठेवतात तसा, पालथा, जपून.

तपासणीवाल्यानं ते टोक दोनदा चाचपलं आणि विचारलं, “हे कुणी केलं?” यजमानांनी बाईंकडे बोट दाखवलं. बाईंनी आपल्या नखांकडे बघितलं. माझं नाव त्यांनीही घेतलं नाही, पण मी समजून घेतलं.

मग विमानाला रंग लागला, ते मैदानावर गेलं आणि उडालं. पहिल्यांदा यजमान एकटे गेले. बाई खाली उभ्या राहून गॅसवर काही करपत असल्यासारख्या अस्वस्थ होत होत्या. पुढे एकदा “एकच चक्कर हं” म्हणत त्या दुसऱ्या जागेवर बसल्या. आता दर सुट्टीला बसतात.

आणि मी? मी मैदानावरच्या शेडमध्ये, अवजारांच्या पेटीत आहे. उरलेल्या पांढऱ्या कापडाचा तुकडा आणि डिंकाचा डबा माझ्या शेजारी. पंखाला कुठे भोक पडलं तर ठिगळ लावायला म्हणून मला ठेवलंय. अजून पडलेलं नाही. आम्ही काम एवढं चोख केलं, हे माझंच दुर्दैव. विमान उतरलं की मला पेटीतून ऐकू येतं, बाई खाली उतरतात आणि पंखावर थाप मारून म्हणतात, “शाब्बास गं माझे बाई!” सवतीला म्हणतात!

माझं मागणं मोठं नाही. कधीतरी दोघं सुखरूप उतरलेली असावीत, विमान शेडमध्ये नीट उभं असावं, आणि त्या पंखाला एक भोक पडावं. फार नको, बाईंच्या बोटाएवढं. मग पेटी उघडेल, आणि बाई यजमानांना म्हणतील, “सरका. माझी द्या.”